दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : कोसबेन, गोवा, ३१ जुलै १९०७, मृत्यू : पुणे, २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ, इतिहासकार, नाणकशास्त्रज्ञ आणि संस्कृत ग्रंथांचे संपादक होते. बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. राजवंशांच्या याद्या आणि लढायांचे सन यांत अडकलेला प्राचीन भारताचा इतिहास त्यांनी नांगर, लोखंड, जमाती, जाती, व्यापारी मार्ग आणि ग्रामदैवते यांच्या आधारे नव्याने मांडला. इतिहासाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. उपजीविका गणिताच्या अध्यापनावर आणि संशोधनावर होती. इतिहासाकडे ते वळले ते एका सांख्यिकी प्रश्नामुळे, आणि तो प्रश्न जुन्या नाण्यांच्या वजनाचा होता.

बालपण व शिक्षण

धर्मानंद कोसंबी यांनी १८९९ साली बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडले होते. काशी, नेपाळ, श्रीलंका व ब्रह्मदेश असा प्रवास करून आणि पालीचे अध्ययन करून ते परतले, त्यानंतर दामोदर यांचा जन्म झाला. आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या प्रथेप्रमाणे त्यांचे नाव दामोदर ठेवण्यात आले. धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत असताना दामोदर यांचे प्राथमिक शिक्षण झाले.

विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना बोलावले होते. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक व अकरा वर्षांचा दामोदर यांनाही बरोबर नेले. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे दामोदर यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे सायबरनेटिक्सचे जनक म्हणून प्रसिद्ध झालेले गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांचा परिचय याच काळातला. वीनर यांचे वडील हार्वर्डमध्ये भाषांचे प्राध्यापक होते.

शाळा संपल्यावर काही काळ भारतात राहून ते १९२६ साली हार्वर्डमध्ये दाखल झाले. तेथे त्यांनी गणिताबरोबर ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच व इटालियन या भाषांचाही अभ्यास केला. जॉर्ज डेव्हिड बिर्कोफ हे त्या काळचे अमेरिकेतील अग्रगण्य गणितज्ञ त्यांचे शिक्षक होते. विद्यार्थ्याने गणितावरच लक्ष एकवटावे, असे बिर्कोफ यांचे मत होते. विद्यार्थ्याने ते मानले नाही. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवूनही पुढील संशोधनासाठी शिष्यवृत्ती न मिळाल्याने कोसंबी भारतात परतले. डॉक्टरेट त्यांनी कधीच घेतली नाही.

अध्यापन

परतल्यावर दोन वर्षे ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित व जर्मन शिकवीत होते. १९३१ साली नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथे आंद्रे वेल हा तरुण फ्रेंच गणितज्ञ विभागप्रमुख होता. वेलच्या सूचनेवरून कोसंबींनी एका शोधनिबंधात बुर्बाकी नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. एका सहकाऱ्याची फिरकी घेण्यासाठी केलेला हा खोडसाळपणा होता. काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या मित्रांनी निकोला बुर्बाकी या सामूहिक टोपणनावाने ग्रंथ लिहिण्यास सुरुवात केली आणि विसाव्या शतकातील गणिताचा चेहरामोहरा बदलला. गणिताच्या छापील वाङ्मयात ते नाव प्रथम आले ते कोसंबींच्या या निबंधात.

१९३३ साली कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. पुढची सुमारे बारा वर्षे त्यांनी तेथे गणित शिकविले. त्यांच्या नंतरच्या बहुतेक सर्व कामांची मुळे याच काळात आहेत. १९३४ साली त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४५ साली होमी भाभा यांनी त्यांना मुंबईत नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून निमंत्रित केले. कोसंबींनी पुण्यातील घर सोडले नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या परिसरातील त्या घरातून निघून डेक्कन क्वीनने मुंबईस जायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे, हा क्रम त्यांनी अनेक वर्षे चालविला. वाचन आणि लेखन यांतले बरेचसे या प्रवासात होत असे.

गणित, सांख्यिकी व जनुकशास्त्र

कोसंबींचे सुरुवातीचे काम विकलक भूमितीत आहे. एखाद्या अवकाशातील वस्तूंचे मार्ग ज्या समीकरणांनी ठरतात, त्या समीकरणांवरूनच त्या अवकाशाची भूमिती उभी करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. १९३३ साली एका जर्मन नियतकालिकात त्यांचा या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यालाच जोडून एली कार्तां या थोर फ्रेंच गणितज्ञांचे टिपण छापले गेले. १९३९ साली चिनी गणितज्ञ शिंग-शेन चर्न यांनी त्यात भर घातली. हा सिद्धान्त आज कोसंबी–कार्तां–चर्न सिद्धान्त या नावाने ओळखला जातो.

१९४३ साली त्यांनी यादृच्छिक फलनांचे परस्परस्वतंत्र घटकांत विघटन करण्याची पद्धत मांडली. कारी कारहुनेन व मिशेल लोएव्ह यांनी तीच पद्धत १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतंत्रपणे शोधली आणि ती त्यांच्या नावाने रूढ झाली. संकेतप्रक्रिया व प्रतिमांचे संक्षेपण यांत तिचा मोठा उपयोग होतो. कोसंबींचे नाव तिच्याशी जोडले जाऊ लागले ते अलीकडे.

१९४४ सालचा एक छोटा निबंध मात्र त्यांच्या नावानेच टिकला. गुणसूत्रावरील दोन जनुके किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात हे प्रयोगाने मोजता येते; परंतु त्या मोजमापावरून जनुकांमधील अंतर काढताना एका ठिकाणची देवाणघेवाण शेजारच्या देवाणघेवाणीस अटकाव करते, ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जे. बी. एस. हॉल्डेन यांच्या आधीच्या सूत्रात हा अटकाव धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरून नवे सूत्र दिले. पिकांच्या जनुकीय नकाशांवर काम करणारे संशोधक ते आजही कोसंबी फलन या नावाने वापरतात. त्यांच्यापैकी अनेकांना हे कोसंबी इतिहासकारही होते याची कल्पना नसते, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना बहुधा या सूत्राची.

आहत नाणी

सांख्यिकी शिकताना कोसंबींना एखादा प्रत्यक्ष प्रश्न हवा होता. तो त्यांना आहत नाण्यांत सापडला. इसवी सनापूर्वीच्या शतकांत प्रचलित असलेले हे चांदीचे लहान तुकडे. त्यांवर राजाचे नाव नाही, सन नाही, केवळ ठशांनी उमटवलेली चिन्हे आहेत. दर्शनी बाजूस सामान्यतः पाच चिन्हे असतात. मागील बाजूस लहान लहान खुणा दिसतात आणि त्यांची संख्या नाण्यागणिक बदलते. अभ्यासक तोवर या चिन्हांचे अर्थ लावण्यात गुंतले होते. सूर्य, चक्र, टेकडी, हत्ती यांवरून धर्म व राजवंश ओळखण्याचे प्रयत्न चालत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघे.

कोसंबींनी चिन्हांआधी वजनाकडे पाहिले. नाणे हातोहात फिरते तेव्हा दर वेळी त्याचा अत्यल्प अंश झिजतो. एका नाण्याच्या बाबतीत ही झीज सांगता येणार नाही, कारण टांकसाळीतून बाहेर पडतानाच दोन नाणी सारख्या वजनाची नसत. पण एकाच प्रकारची पुरेशी नाणी घेतली तर चलनात जितका काळ जास्त जातो तितके त्यांचे सरासरी वजन कमी होते आणि वजनांतील विखुरलेपणा वाढत जातो. हे तत्त्व ताडून पाहण्यासाठी त्यांनी आधी त्यांच्या काळातील बाजारात फिरणारी, सन छापलेली नाणी तोलली. जुन्या सनांची नाणी अपेक्षेप्रमाणे हलकी निघाली. मग ते तक्षशिलेच्या नाणेनिधींकडे वळले.

तक्षशिलेच्या भिड टेकाडात सापडलेल्या निधीत अलेक्झांडरच्या काळची ग्रीक नाणी असल्याने तो निधी केव्हा पुरला गेला याचा अंदाज बांधता येत होता. त्यातील आहत नाणी तोलताना कोसंबींना दिसले की, मागील बाजूवरील खुणा जितक्या अधिक तितके नाणे हलके. या खुणा व्यापारी किंवा सराफ ठराविक काळाने नाणी पारखताना उमटवीत असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजेच नाणे किती काळ फिरले याची नोंद त्याच्या पाठीवरच होती. त्या आधारे पुढील चिन्हांचे कोणते गट आधीचे व कोणते नंतरचे, याचा क्रम लावता आला. मौर्यकाळाच्या उत्तरार्धातील नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली आणि वजनेही ढोबळ झालेली त्यांना आढळली. साम्राज्याच्या तिजोरीवरील ताणाचा हा पुरावा कोणत्याही ग्रंथात नव्हता. तो तराजूत मिळाला.

या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. नाणी जमिनीत पुरली असताना झिजत नाहीत, पण गंजतात. साफ करताना त्यांचे वजन घटते. चलनाचा वेग सर्व प्रदेशांत सारखा नसतो. विशिष्ट चिन्हगट विशिष्ट राजांचे म्हणून कोसंबींनी जी जुळणी सुचविली ती नंतरच्या नाणकशास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी स्वीकारली नाही. पद्धतीचा गाभा मात्र टिकून आहे. स्वतः कोसंबी या विषयाकडे आयुष्यभर परतत राहिले. मृत्यूच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९६६मध्ये, सायंटिफिक अमेरिकन या मासिकात त्यांचा याच विषयावरील लेख आला.

भर्तृहरी व संस्कृत साहित्य

नाणी पाडणारे कोण, हे शोधण्यासाठी पुराणे व इतर साधने मुळातून वाचणे भाग होते. संस्कृतची जुजबी ओळख पुरेना, म्हणून कोसंबींनी एक ग्रंथ निवडून त्याचा तळ गाठायचे ठरविले. तो ग्रंथ भर्तृहरीची शतके हा होता. नीती, शृंगार व वैराग्य या विषयांवरील हे श्लोक महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही पाठ असत. पण कोणते श्लोक मूळचे आणि कोणते मागाहून शिरलेले, हे कोणी निश्चित केले नव्हते. हस्तलिखितांत श्लोकांची संख्या, क्रम आणि पाठ सारखे बदलत होते.

कोसंबींनी देशभरातील ३७७ हस्तलिखितांचा विचार केला, त्यांची कुळे लावली आणि कोणते श्लोक सर्व शाखांत समान आहेत हे पाहिले. अशा रीतीने सुमारे दोनशे श्लोकांचा गाभा वेगळा काढता आला. १९४८ साली ही चिकित्सक आवृत्ती सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. मुनी जिनविजय हे त्या मालेचे संपादक होते. एका जैन ग्रंथमालेतील संस्कृत सुभाषितांची ही आवृत्ती संपादकाने मार्क्स, एंगेल्स व लेनिन यांच्या स्मृतीस अर्पण केली आहे. हस्तलिखितांची वंशावळ लावणे आणि नाण्यांचे गट लावणे यांत तर्क एकच आहे: प्रती करताना चुका साचतात, हाताळताना झीज साचते, आणि साचलेल्या बदलांवरून मागचा क्रम काढता येतो. पाठचिकित्सेची शिस्त कोसंबींच्या घरातच होती. धर्मानंदांनी हार्वर्डमध्ये विशुद्धिमग्गावर तेच काम केले होते.

पुढे विद्वान बौद्ध संस्कृत अभ्यासक वि. वि. गोखले यांच्यासमवेत कोसंबींनी सुभाषितरत्नकोश हा संग्रह संपादित केला. बंगालमधील जगद्दल विहाराशी संबंधित विद्याकर याने अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्या शतकाच्या आरंभी तो संकलित केला होता. भारतात हा ग्रंथ लोप पावला होता. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमधील ङोर मठात त्याची ताडपत्री प्रत पाहिली आणि तिची छायाचित्रे घेतली. १९५७ साली हा ग्रंथ हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

प्रस्तावनेत कोसंबींनी संस्कृत काव्याचा संबंध त्याच्या आश्रयदात्यांच्या वर्गाशी जोडला. हे काव्य श्रम न करणाऱ्या, दरबारी वा मठवासी वर्गासाठी लिहिले गेले, म्हणून त्याचे विषय व संकेत ठरून गेले, असे त्यांचे म्हणणे. हार्वर्डचे संस्कृत प्राध्यापक डॅनियल इंगल्स यांनी याच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६५ साली प्रसिद्ध केले आणि त्याच्या प्रस्तावनेत कोसंबींच्या या मतास स्पष्ट विरोध नोंदविला. काव्याची गोडी कवीच्या वर्गावरून ठरत नाही, असा इंगल्स यांचा रोख होता. संहिता सिद्ध करणारे कोसंबी आणि तिचा अर्थ लावणारे कोसंबी यांत पहिल्यांच्या कामाबद्दल वाद जवळजवळ नाही. दुसऱ्यांच्या विवेचनात निर्णय कधी कधी पुराव्याच्या आधीच झालेला वाटतो, हा आक्षेप अगदीच अनाठायी नाही.

इतिहासलेखन

कोसंबी मार्क्सवादी होते. परंतु मार्क्सच्या ग्रंथांतील सूत्रे भारतावर जशीच्या तशी लादण्यास त्यांचा विरोध होता. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी १९४९ साली प्राचीन भारतात आदिम साम्यवादातून गुलामगिरीकडे संक्रमण झाल्याची मांडणी केली, तेव्हा भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात तिचे अत्यंत कठोर परीक्षण लिहिणारे कोसंबीच होते. ग्रीस-रोमसारखी गुलामगिरी भारतात उत्पादनाचा पाया कधीच नव्हती, असे त्यांचे मत होते. आशियाई उत्पादनपद्धती ही मार्क्सची कल्पनाही त्यांनी भारताच्या बाबतीत नाकारली. पंडित नेहरूंच्या भारताच्या शोधावर त्यांनी १९४६ साली लिहिलेले परीक्षणही असेच परखड आहे.

१९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उत्पादनाची साधने व उत्पादनसंबंध यांत क्रमाने होत गेलेले बदल म्हणजे इतिहास, अशी भूमिका घेऊन त्यांनी त्यात भारताच्या भूतकाळाचा आढावा घेतला. गंगेच्या खोऱ्यातील दाट जंगल लोखंडी अवजारांनी साफ झाले, नांगराची शेती पसरली, दक्षिण बिहारमधील खनिजांवर ताबा असल्याने मगध बलाढ्य झाले, आणि शेतीच्या कक्षेत ओढल्या गेलेल्या जमाती जातींच्या रूपाने समाजात सामावल्या, हा त्यातील मुख्य धागा आहे. जमातीचे जातीत रूपांतर होताना तिचे दैवतही हिंदू देवमंडळात प्रवेश करते. कोणी शिवाची पत्नी होते, कोणी विष्णूचा अवतार, कोणी वाहन. दोन समाज एकत्र येतात तेव्हा देवांची लग्ने लागतात, हे त्यांचे निरीक्षण महाराष्ट्रातील खेड्यांत आजही पडताळून पाहता येते.

सरंजामशाहीचे त्यांनी दोन टप्पे मानले. पहिल्यात सम्राट आपल्या मांडलिकांना अधिकार देतो व सत्ता वरून वाटली जाते. दुसऱ्यात खुद्द गावातच राज्य आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदारांचा एक वर्ग उभा राहतो. या मांडणीतून भारतीय सरंजामशाहीवरील दीर्घ वाद सुरू झाला. रामशरण शर्मा यांनी तिचा विस्तार केला, तर इतरांनी भारताला सरंजामशाही ही संज्ञा लागू पडते का, येथूनच प्रश्न उपस्थित केला.

मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या निबंधसंग्रहात भगवद्गीतेवरील विवेचन आहे. शंकराचार्य, रामानुज, ज्ञानेश्वर, टिळक आणि गांधी यांना एकाच ग्रंथातून परस्परविरोधी निष्कर्ष कसे काढता आले, हा कोसंबींचा आरंभबिंदू. परस्परविरोध मिटवून न टाकता एकत्र नांदविण्याची क्षमता हेच गीतेच्या सामर्थ्याचे कारण, आणि निष्ठेवर उभ्या असलेल्या सरंजामी समाजाला भक्तीचे तत्त्व विशेष मानवले, असे त्यांनी प्रतिपादन केले. याच संग्रहात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील गावकरी संस्थेवरही एक प्रकरण आहे. सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेला प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा शेवटचा ग्रंथ १९६५ साली लंडनमधून प्रकाशित झाला.

काही निष्कर्ष उत्खननांनी खोडून काढले. सिंधू संस्कृतीत नांगर नव्हता, असे कोसंबी मानत. त्यांच्या मृत्यूनंतर राजस्थानातील कालीबंगा येथे नांगरलेल्या शेताच्या सऱ्याच सापडल्या. आर्यांनी सिंधू लोकांचे बंधारे फोडून ती संस्कृती नष्ट केली, हे वेदातील इंद्र-वृत्र कथेवरून काढलेले अनुमानही आता मान्य केले जात नाही.

पुण्याच्या परिसरातील क्षेत्रीय संशोधन

ग्रंथालयातील पुराव्याइतकाच कोसंबींचा भर पायी हिंडण्यावर होता. घरामागच्या टेकड्यांवर फिरताना त्यांना सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाची नखाएवढी पाती, सापडू लागली. धातूपूर्व काळातील पशुपालकांनी कातडे सोलण्यासाठी व तत्सम कामांसाठी ती वापरली असावीत. अशी पाती सापडणाऱ्या जागांची नोंद करता करता त्यांच्या ध्यानात आले की, म्हसोबा, वेताळ, बोल्हाई, तुकाई, यमाई अशा दैवतांची ठाणी पुष्कळदा त्याच वाटांवर आहेत. ही ठाणी गावठाणात नसून शिवेवर, तिठ्यावर किंवा माळावर असतात. शेती करणारे गाव वसण्यापूर्वी कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणे फिरणाऱ्या लोकांच्या वाटा जेथे मिळत, तेथे ही दैवते प्रथम पुजली गेली आणि नंतर आलेल्या गावांनी ती पुढे चालविली, असा तर्क त्यांनी मांडला. आळंदी-देहूहून पंढरपूरला जाणारी वारीची वाटही अशाच प्राचीन स्थलांतराच्या मार्गावरून जात असावी, असे त्यांनी सुचविले. हा तर्क आकर्षक असला तरी सिद्ध झालेला नाही.

कार्ले येथे बौद्ध चैत्याच्या दारातच एकवीरेचे मंदिर आहे, तर जुन्नरजवळ बौद्ध लेण्यांच्या एका समूहात तुळजादेवी विराजमान आहे. कोसंबींच्या मते हा योगायोग नव्हे. भिक्षूंनी लेण्यांसाठी निवडलेल्या जागा व्यापारी घाटवाटांवर होत्या आणि त्या वाटांवर देवींची ठाणी आधीपासून होती. कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकट या ठिकाणच्या यवन दात्यांची नावे आहेत; त्यांवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. विहार हे केवळ ध्यानाचे स्थान नसून कोकण व देश यांच्यामधील व्यापाराला आधार देणारी संस्था होती, ही त्यांची मांडणी पुढील संशोधनात चांगलीच रुजली.

या भटकंतीत त्यांचे माहितगार धनगर, फासेपारधी आणि खेड्यांतील शेतकरी हे होते. ग्रंथ, नाणी, शिलालेख, अवजारे आणि जिवंत चालीरीती यांचा पुरावा एकमेकांवर घासून पाहण्याच्या या रीतीला त्यांनी संयुक्त पद्धती असे नाव दिले. ज्या देशात भूतकाळाचे अनेक थर वर्तमानात शेजारी शेजारी नांदतात, तेथे इतिहासकाराने आधी डोळे उघडे ठेवून चालावे, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रातील लोकदैवतांवर ग्युंटर सोन्थायमर व रा. चिं. ढेरे यांनी नंतर केलेल्या अभ्यासातही हेच क्षेत्र अधिक खोलवर नांगरले गेले.

अणुऊर्जा, सौरऊर्जा व शांतता चळवळ

दुसऱ्या महायुद्धानंतर कोसंबी जागतिक शांतता चळवळीत सक्रिय झाले. ते जागतिक शांतता परिषदेचे सदस्य होते आणि त्या निमित्ताने त्यांनी सोव्हिएत संघ, चीन व युरोपातील देशांना भेटी दिल्या. अण्वस्त्रांना त्यांचा विरोध होताच. पण १९५०च्या दशकात भारताच्या शांततामय अणुऊर्जा कार्यक्रमावरही ते जाहीरपणे टीका करू लागले. देशाच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा होते, आणि कोसंबी ज्या संस्थेत नोकरी करीत तिचे संचालकही भाभाच.

कोसंबींचा युक्तिवाद खर्चाचा होता. अणुभट्टीची वीज स्वस्त वाटते, कारण तिच्या संशोधनाचा, किरणोत्सर्गी कचऱ्याचा आणि अपघाताच्या धोक्याचा खर्च हिशेबात धरला जात नाही. भारतात वर्षातील बहुतेक दिवस ऊन असते. ते खेडोपाडी फुकट पोहोचते आणि त्यासाठी परदेशी यंत्रे वा इंधन आणावे लागत नाही. म्हणून सौरऊर्जेच्या संशोधनावर सरकारने पैसा ओतावा, असे ते सांगत. पाण्याच्या बाबतीतही मोजक्या प्रचंड धरणांपेक्षा पावसाच्या आकडेवारीचा अभ्यास करून बांधलेले अनेक लहान बंधारे त्यांना श्रेयस्कर वाटत. त्या काळी सौरघट अतिशय महाग होते, त्यामुळे हे म्हणणे अव्यवहार्य ठरविणे सोपे गेले. धोरण ठरविणाऱ्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही.

अखेरची वर्षे

१९५९ साली कोसंबींनी कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा केला. गणितातील हा सर्वांत प्रसिद्ध अनुत्तरित प्रश्न. सिद्धतेत दोष होता आणि गणितज्ञांनी ती नाकारली. अविभाज्य संख्यांवरील त्यांचे पुढील काही निबंध एस. ड्युक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध झाले.

१९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. संस्थेत आधुनिक बीजगणित व भूमितीची नवी तरुण पिढी तयार झाली होती आणि कोसंबींचा बराच वेळ इतिहासात जात होता, ही एक बाजू. अणुधोरणावरील जाहीर टीकेमुळे भाभांशी आलेला दुरावा ही दुसरी. चरित्रलेखकांनी आपापल्या कलाप्रमाणे कधी एकीवर, कधी दुसरीवर भर दिला आहे. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असण्यास काहीच अडचण नाही. सतरा वर्षांची नोकरी सुटल्यावर त्यांना काही काळ कोणत्याही संस्थेचा आधार नव्हता. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांची मानद निवृत्त वैज्ञानिक म्हणून नेमणूक केली. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेशी ते संलग्न झाले. सूक्ष्मास्त्रांचे वर्गीकरण, नाण्यांची टिपणे आणि अविभाज्य संख्या अशी तिन्ही कामे त्या काळात एकाच वेळी चालू होती.

जानेवारी १९६६मध्ये भाभा विमान अपघातात मरण पावले. त्यानंतर पाच महिन्यांनी, २९ जून रोजी, कोसंबींचे पुण्यातील राहत्या घरी झोपेत निधन झाले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते.

प्रभाव

भारतातील इतिहास अध्यापनावर कोसंबींचा प्रभाव त्यांच्या मृत्यूनंतर वाढत गेला. रामशरण शर्मा, रोमिला थापर व इरफान हबीब यांनी त्यांचे ऋण वेळोवेळी मान्य केले आहे. १९७४ साली शर्मा यांच्या संपादकत्वाखाली त्यांचा स्मृतिग्रंथ निघाला. त्यांचे विखुरलेले निबंध ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी संकलित केले व ते २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांची कन्या मीरा कोसंबी (१९३९–२०१५) या समाजशास्त्रज्ञ होत्या. पंडिता रमाबाई व आनंदीबाई जोशी यांच्यावरील संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. आजोबा धर्मानंदांचे आत्मचरित्र व निवडक लेखन त्यांनी इंग्रजीत आणले.

कोसंबींनी बहुतेक सर्व लेखन इंग्रजीत केल्यामुळे मराठी वाचकांपर्यंत ते उशिरा व भाषांतरांतून पोहोचले. मराठीत ग्रंथरचना करणाऱ्या धर्मानंदांचे नाव येथे दीर्घकाळ अधिक परिचित होते. जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने ३१ जुलै २००८ रोजी दामोदर कोसंबी यांच्यावर तिकीट काढले. त्याच वर्षापासून गोवा शासनाने त्यांच्या नावाने विचार महोत्सव सुरू केला असून तो पणजी येथे भरविण्यात येतो.